सहा हजारांत ऑफिसचे कपडे, तेही गोव्याच्या पावसात

प्रश्न: मी २५ वर्षांचा आहे. डिचोलीत राहतो, पणजीत एका खासगी ऑफिसात नोकरी करतो, रोज स्कूटरने जातो-येतो. कपाटात सात शर्ट आहेत, पण घालण्यासारखे तीनच. दोन्ही पांढरे शर्ट पिवळे पडलेत, ब्लीच घातलं तर आणखीच पिवळे झाले. काळ्या पँटवर आणि पट्ट्यावर बुरशी आलीय. धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. धुण्याचं पाणी घरच्या बोअरवेलचं. आमचा शिंपी शर्टाचे ४०० आणि पँटचे ५५० रुपये घेतो, म्हणून रेडिमेडच परवडेल असं वाटतं. हातात ६,००० रुपये आहेत. डिसेंबरात मावसभावाचं लग्न आहे, त्यासाठी ब्लेझर घे म्हणून घरचे मागे लागलेत. चवथीआधी काय घेऊ, कुठून घेऊ आणि घेतलेलं टिकवू कसं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तुमचे चार शर्ट वापरून झिजलेले दिसत नाहीत. ते पाण्यात आणि ओलीत गेलेत. नवे आणले तर तेही त्याच बादलीत आणि त्याच कपाटात जाणार. म्हणून आधी पाणी.

डिचोली हा लोहखनिजाचा तालुका. तिथल्या बोअरवेलच्या पाण्यात लोह असणं नवलाचं नाही. एका पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ किंवा कडेला पिवळसर कडं दिसलं, तर चोर सापडला. पाण्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही, पण क्लोरीनचं ब्लीच त्यात पडलं की त्याचा गंज होतो आणि तो थेट सुताच्या धाग्यावर बसतो. तुम्ही ब्लीच घालून डाग काढत नव्हता, शर्ट गंजात रंगवत होता.

यावर उपाय आंबट पदार्थाचा. भुसारी दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. पाच लिटर गरम पाण्यात (हात जेमतेम सोसेल इतकं गरम) ५० ग्रॅम विरघळवा आणि शर्ट तासभर बुडवून ठेवा. बादली प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नको. मग दोन-तीन पाण्यांतून काढून नेहमीसारखा धुवा. कुठे एखादाच गंजाचा ठिपका असेल तर परसातलं बिंबल (काकडीसारखं दिसणारं छोटं आंबट फळ) चिरून त्यावर चोळा. जुन्या घरांतून ही युक्ती चालायची, कारण बिंबलातल्या आम्लाने गंज सुटतो. लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा बिंबल यांच्या पाण्यात ब्लीच मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि यापुढे बोअरवेलच्या पाण्यात ब्लीच बंदच. पांढरे कपडे नळाच्या पाण्यात धुवा. पावसाळ्यात पागोळीखाली बादली लावली तर त्याहूनही उत्तम, पावसाच्या पाण्यात ना लोह ना क्षार. फक्त छपराचे पत्रे गंजलेले नसावेत आणि पहिले चार-सहा पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत.

शर्ट सगळीकडे सारखा पिवळा असेल तरच वरचा उपाय लागू. पिवळेपणा फक्त काखेत असेल तर ते घामाचं आणि डिओडरंटचं काम आहे. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाबरोबर मिळून कापडात कडक थर धरतात. औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन चमचे, भांड्यांचा द्रवसाबण एक चमचा आणि खाण्याचा सोडा एक चमचा असा लेप करा, अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासा. हे फक्त पांढऱ्यावर, रंगीत कापडाचा रंग जाईल. टेरीकॉट (सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचा) शर्ट ब्लीचनेच पिवळा पडला असेल, तर कापडावरचा लेपच बिघडलेला असतो आणि तो परत येत नाही. त्या शर्टाला घरी घालायला किंवा स्कूटर पुसायला ठेवा.

आता वास. साबण कमी पडला म्हणून कुबट वास येतो असा समज आहे. प्रत्यक्षात बहुधा साबण जास्त झालेला असतो. १५ लिटरच्या बादलीला दीड-दोन मोठे चमचे पावडर पुरते. त्याहून जास्त घातली तर ती दोन पाण्यांत निघत नाही, धाग्यात राहते, मळ धरते, आणि कपडा ओला राहिला की जिवाणूंचं फावतं. खरं कारण मात्र सुकायला लागणारा वेळ हेच. जो कपडा रात्रभरात सुकतो त्याला वास येत नाही. जो दीड-दोन दिवस ओलसर लटकतो त्याला येणारच, मग त्यात कितीही सुगंधी पाणी ओता. शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं तर साबणाचा उरलेला अंश सुटायला मदत होते. आधीच वास बसलेले सुती कपडे गरम पाणी आणि ऑक्सिजन ब्लीचची पावडर यांत तासभर भिजवा, क्लोरीनचं नव्हे. रंगीत कपडा असेल तर आतल्या शिवणीवर थेंब टाकून आधी पारखून घ्या.

संध्याकाळी घरी आल्यावर घामेजलेला शर्ट खुर्चीवर किंवा धुण्याच्या बादलीत बोळा करून टाकू नका. त्याच दिवशी धुणं जमत नसेल तर निदान हँगरला लावून पंख्याखाली ठेवा. धुताना कपडा उलटा करा, कॉलरला आणि बाहीच्या पट्टीला कोरडी साबणाची वडी आधीच लावा, वीस मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नका. कडक ब्रशने कॉलर घासली की मळ जातो, पण त्याबरोबर कॉलरही जाते. पिळल्यानंतर शर्ट कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा. पंख्याखाली नुसता लटकवण्यापेक्षा सुकायचा वेळ चांगलाच वाचतो. मग हँगरवर, वरचं एक बटण लावून, दोन हँगरमध्ये चार बोटं अंतर ठेवून. बाल्कनीतल्या दोरीवर पावसाच्या दमट वाऱ्यात कपडे हलतात भरपूर, सुकत मात्र नाहीत.

आणि खळ नको. पेजेची निवळ घालून कडक केलेला शर्ट मे महिन्यात झकास दिसतो, पण जून ते सप्टेंबर ती खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला वाढलेलं पान आहे. जे कपडे पावसाळाभर ठेवून द्यायचेत ते खळ पूर्ण काढूनच ठेवा.

आता खरेदी. आपल्याकडे कपडा निवडताना पहिला प्रश्न हवा तो सुकतो किती वेळात, रंग आणि कट त्यानंतर. शंभर टक्के सुती कापड अंगाला सर्वांत बरं, पण जाड असेल (ऑक्सफर्ड, डेनिम) तर पावसात दोन दिवस घेईल. पातळ पॉपलिन चालेल. रोजच्या ऑफिससाठी ६० टक्के सूत आणि ४० टक्के पॉलिएस्टर असं टेरीकॉट घ्या. याहून पॉलिएस्टर वाढलं तर सुकतं झटकन, पण घामाचा वास धरून बसतं आणि स्कूटरवर अंग उकडून निघतं. हणजूणच्या बाजारात लटकणारे रंगीबेरंगी रेयॉनचे शर्ट पर्यटकांना ठीक. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे जोरात पिळलं की शिवणीशी फाटतं, शिवाय आटतं. पँटसाठी पॉलिएस्टर-व्हिस्कोस कापड मागा. इस्त्री टिकते, चिखल सहज निघतो, पंख्याखाली रात्रीत सुकतं. तुमच्याकडे जीन्स असतील तर त्या ऑक्टोबरपर्यंत घडी करून ठेवा.

शिंपी महाग पडतो हा तुमचा हिशेब शर्टाच्या बाबतीत अर्धा बरोबर आहे, पँटच्या बाबतीत नाही. ५८ इंची पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६ मीटर आणि पँटला साधारण १.३ मीटर लागतं. पँटचं ३०० रुपये मीटरचं कापड घेतलं तर ३९० आणि शिलाई ५५०, म्हणजे ९४०. या भावात मिळणाऱ्या रेडिमेड पँटच्या आत उलटून पाहा: मागच्या शिवणीत अर्धा इंचही कापड सोडलेलं नसतं, खिशाचं अस्तर जाळीसारखं असतं. शिंप्याला सांगून मागे कमरेच्या शिवणीत एक इंच आणि पायाशी दोन इंच कापड आत सोडून घ्या, म्हणजे पोट सुटलं तरी पँट चार वर्षं चालेल. आणखी एक सांगा: मांड्यांच्या मध्ये आणि बैठकीला आतून अस्तर लावून द्या. रोज स्कूटर चालवणाऱ्याची पँट आधी तिथेच विरते. सीटच्या रेक्झिनवर घासून घासून कापड आधी चकाकतं आणि मग जाळी होते. अस्तराचा खर्च थोडा, पण त्याने पँटचं आयुष्य वाढतं.

सुती शर्टाचं कापड घेतलं तर ते शिंप्याकडे थेट नेऊ नका. सूत पहिल्या धुण्यांत तीन ते पाच टक्के आटतं. ७५ सेंटिमीटर लांबीचा शर्ट चार टक्के आटला की तीन सेंटिमीटर गेले, आणि मग वाकल्यावर पँटमधून बाहेर येतो. ४० सेंटिमीटरची कॉलर दीड सेंटिमीटरने आवळते. म्हणून १.६ ऐवजी १.७ मीटर घ्या, साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग शिवायला द्या. टेरीकॉटला याची गरज नाही. उरलेल्या कापडाचा तुकडा मागून घ्या. दोन वर्षांनी कॉलरची घडी फाटली की शिंपी कॉलर उसवून उलटी बसवून देतो, विरलेली बाजू आत जाते आणि शर्ट आणखी वर्षभर चालतो. हे फक्त साध्या कॉलरला जमतं, टोकांना बटणं असलेल्या कॉलरला नाही.

रेडिमेड शर्ट घ्यायचाच असेल तर कंपनीचं नाव वाचण्याआधी या गोष्टी बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. खाली उतरली असेल तर शर्ट तिथेच ठेवा, कारण बाजू आत घेता येतात, लांबी कमी होते, बाही आखूड होते, पण खांदा दुरुस्त करणं म्हणजे शर्ट नव्याने शिवणं. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं शिरावीत. एका इंचात टाके मोजा: बारा-चौदा असले तर चांगलं, आठाच्या खाली असले तर शिवण लवकर उसवेल. कापड मुठीत दहा सेकंद चुरगाळून सोडा, पडलेल्या सुरकुत्या तशाच राहिल्या तर रोज इस्त्री आलीच. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतल्या शिवणीवर घासा, रुमालाला रंग लागला तर तो उद्या बनियनलाही लागणार. आणि कॉलर बोटांत धरून हलकेच चोळा. आत चिकटवलेलं बकरम (कॉलर ताठ ठेवणारं जाड कापड) वरच्या कापडापासून वेगळं सरकतंय असं वाटलं तर पाचव्या-सहाव्या धुण्यात कॉलरवर फुगे येतील. हे फुगे घरच्या इस्त्रीने बसत नाहीत; स्वस्त शर्ट टाकून द्यावा लागतो तो बहुतेक याच कारणाने.

कुठून घ्यायचं? तुम्हाला म्हापसा जवळ आहे. शुक्रवारच्या बाजारात बनियन, रुमाल, मोजे, घरी घालायच्या चड्ड्या बिनधास्त घ्या. ऑफिसचा शर्ट तिथे घ्यायचा तर उजेडात नेऊन वरच्या सगळ्या परीक्षा करा, कारण पुढच्या शुक्रवारी तो विक्रेता त्याच जागी भेटेलच असं नाही. ताग्यावरचं कापड मात्र बाजारपेठेतल्या कायमच्या दुकानातूनच घ्या, सूत किती आणि पॉलिएस्टर किती ती टक्केवारी विचारा आणि ती बिलावर लिहून मागा. चोर्ला घाटातून बेळगावला जायची आपल्याकडे हौस असते. लग्नाची, चार-पाच जणांची खरेदी असेल तर ती परवडते. तीन शर्टांसाठी पेट्रोल जाळून तिथे वाचवलेले पैसे घाटातच खर्च होतात, आणि माप चुकलं तर बदलायला पुन्हा कोण जातो?

तुमच्या ६,००० चा हिशेब असा बसवता येईल. दोन पँट शिवून, एक गडद राखाडी आणि एक नेव्ही ब्लू: १,८८०. काळी नको, तिच्यावर बुरशीचा आणि लाल धुळीचा प्रत्येक ठिपका दिसतो. दोन शर्ट टेरीकॉटचे शिवून, कापड २०० रुपये मीटरने धरलं तर प्रत्येकी ७२०, म्हणजे १,४४०. अर्ध्या बाहीचे शिवा, कापड कमी लागतं आणि सुकतातही लवकर. एक पूर्ण बाहीचा रेडिमेड शर्ट ६०० पर्यंत. बाह्यांचे सुती बनियन चार, ५०० ते ६०० रुपयांत. बिनबाह्यांचा बनियन काखेत काहीच थोपवत नाही, त्यामुळे शर्ट वाचवण्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी. एवढ्यात साधारण साडेचार हजार होतात. तुमचे तीन चांगले शर्ट आणि लिंबूसत्त्वातून वाचलेला निदान एक धरला तर सात शर्ट, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा आणि वर दोन अडीनडीला. उरलेल्या दीड हजारातून पावसाळी पँट आणि जाड खांद्यांचे डझनभर हँगर घ्या. बाकीचे ठेवून द्या. शिंप्याकडे या आठवड्यातच जा. चवथ जवळ आली की तो तारखा देतो आणि पाळत नाही, आणि घाईत शिवलेल्या पँटच्या आत सोडलेलं कापडही गायब होतं.

बुरशी आलेली पँट आधी ओली करू नका, तसं केलं की बुरशी पसरते. कोरडीच घराबाहेर न्या, ब्रशने झटका, ऊन पडेल तेव्हा दोन तास उलटी टाका, मग गरम पाण्यात धुवा. गडद पँटला इस्त्री आतून, किंवा वरून ओला पातळ सुती कपडा ठेवूनच करा, नाहीतर चकाकी येते आणि ती जात नाही. इस्त्री केलेला कपडा लगेच कपाटात घालू नका. त्यात वाफ असते, पंधरा मिनिटं बाहेर लटकू द्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पावसाळ्यात जांभ्याची भिंत ओल धरते आणि मागची फळी तीच ओल पिते. ज्या दिवशी उघडीप असेल त्या दिवशी दारं सताड उघडी ठेवा. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात, दर खणाला एक ठेवा आणि पाणी साठलं की बदला. ते पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, ओल नाही. लाँड्रीतून येणारी प्लास्टिकची पिशवी घरी आल्या आल्या काढून टाका.

पट्टा चामड्याचा असेल तर अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी अशा मिश्रणात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, पॉलिश लावा आणि गुंडाळून ठेवण्याऐवजी खिळ्याला टांगा. पापुद्रे सुटत असतील तर तो चामड्याचा नव्हेच, नवा घ्या. बुटांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा खर्च तिथेच येईल म्हणून सांगतो: पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळवा आपल्या दमट हवेत न वापरताही आतून कुजतो आणि दोन-तीन वर्षांनी एक दिवस चुरा होऊन पडतो. रबरी तळव्याचे, शिवलेले बूट घ्या, आणि पावसात ते पिशवीत ठेवून पायात रबरी सँडल घाला. ऑफिसात बदला. पँटच्या पायाला उडालेला तांबडा चिखल ओला असताना चोळू नका. सुकू द्या, झटका, मग साबण लावा. डाग उरला तर लिंबूसत्त्व आहेच.

राहता राहिला ब्लेझर. या पैशांत तो घेऊ नका. स्वस्त ब्लेझरचा पुढचा भाग चिकटवलेल्या बकरमवर उभा असतो, आणि एक पावसाळा कपाटात काढला की छातीवर तेच कॉलरवाले फुगे येतात. शिवाय डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी तिशीच्या वर पारा असतो, मांडवात तुम्ही तो पहिल्या अर्ध्या तासात काढून हातावर घेणार. घरच्यांचं समाधान करायचं तर एका दिवसासाठी भाड्याने आणा. त्यापेक्षा आमचं मत, शिल्लक पैशांत बिनबाह्यांचं बंद गळ्याचं जाकीट शिवून घ्या. नव्या राखाडी पँटवर आणि पूर्ण बाहीच्या शर्टावर ते शोभेल, पुढे दिवाळीला आणि जत्रेलाही चालेल. कापड दसऱ्याच्या सुमारास घ्या, माप ऑक्टोबर संपायच्या आत द्या. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि मग शिंपी तुमचं जाकीट नवरदेवाच्या सुटाखाली ठेवून विसरतो.